धक्क्यावरचा जावई

हॅलो?… हो गं, आईच बोलतेय. थांब, नळ बंद करते… हं, बोल… कोणी सांगितलं तुला?… त्या पोस्टातल्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही!… हो. मेलं ते सील. धक्क्याखाली सापडलं… हो, तेच. तू पट्टा लावलेलं.

अगं, रडू नकोस… ऐक ना. संपत आलेली जनावरं पुन्हा वाढली, तुमच्या सील वाचवायच्या ऑफिसात आनंदीआनंद. इथे रोज जाळी फाटतायत, निम्मे मासे अर्धे खाल्लेले वर येतात… कायदा मला नको शिकवूस.

हो, बाबांचा लळाच होता त्याला. त्यांनी बादली वाजवली की हजर. दुसऱ्या कोणाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. ‘तुमचा जावई आला बघा जेवायला,’ म्हणून लोक चिडवायचे. बाबाही हसायचे… आधी.

नंतर? नंतर होडी ओढायला कोणी येईना… कोणीच नाही! सगळ्यांच्या होड्या सगळे मिळून ओढतात, आणि तुझा बाप एकटा दोर खांद्यावर घेऊन. मुलगी सीलवाल्यांची, मग सीलांनाच ओढू दे, म्हणे… मी लावायचे गं हात. माझ्याने काय होणार? परवा घसरून पडले चिखलात. सगळे नुसते बघत उभे… नाही कळवलं. तू काय करणार होतीस?

काय?… कोणी मारलं ते मला काय ठाऊक… नाही म्हटलं ना!… कर की तक्रार… शेजारच्या काकांचं नाव? वेड लागलंय का तुला? त्यांच्यावर आळ नको घेऊस… मला माहीत आहे म्हणून सांगतेय.

अगं, जरा डोकं चालव. ते कोणाजवळ यायचं?…

हो…

हो गं. वल्ह्याने. बादली वाजवली, आणि ते आलं.

हॅलो? आहेस ना?… आज सकाळी सगळे आले होडी ओढायला. काका सगळ्यांच्या पुढे. घरी आल्यापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत… नाही येणार ते फोनवर. तूही येऊ नकोस इतक्यात. तुझ्यासमोर कोणत्या तोंडाने उभे राहतील?

काय म्हणालीस?… तक्रारीत नाव लिहावंच लागेल?…

मग लिही. खाली तुझी सही करशील ना, पूर्ण नावाची, त्यातही ते येईलच. मधलं.

हॅलो?… अगं… हॅलो?