घरचा कॅन

—बसा की, उठताय कुठं? चहा निम्मा राह्यलाय अजून. सुकन्या येईल इतक्यात, भाजी आनायला गेलीय. आनि सारखं दाराकडं कान लावून उपयोग न्हाई तुमचा, तिची गाडी बॅटरीवरची हाय, पायरीशी येऊन थांबली तरी आवाज न्हाई. तुमीच पार्थ न्हव्हं का? वळखलं मी. पुण्याहून सावेडीपर्यंत रविवारचं आलात, ते बी पेढं घेऊन! राजीनामा दिलेल्या पोरीच्या घरी पेढं आननारं पावनं मी पहिल्यांदाच बघतेय. न्हाई, चांगलं हायेत हो. ठेवा तिथं.

मी सुकीची आई, मला तुमच्यातलं काय कळनार, असं वाटतंय ना? आवो, पारनेरकडं आमच्या गावात अठ्ठावीस वर्सं डेअरीवर दूध तपासलंय मी — बनाबाईनं हात लावल्याबगर टाकीत थेंब जात नव्हता. तुमचं काम तेच तर हाय! सुकीनं जेवताना सांगितलंय सगळं. तुमचा तो तपासनारा प्रोग्राम — तो दुसऱ्याचा प्रोग्राम चालवत न्हाई, नुसता वाचतो. व्हय का न्हाई? बाहेरच्या मानसानं स्क्रीनवरच्या चौकोनात जे टाईप केलं, त्याच्यावर खूण करायची. मग ते ह्या भांड्यातनं त्या भांड्यात वता, नाव बदला, दुसऱ्यात कालवा — खूण जात न्हाई, पाठोपाठ जाती. आनि धुतल्याबगर ते टाकीपर्यंत, म्हंजी सगळी माहिती साठती तिथपर्यंत, पोचतंय असं दिसलं, की लाल रेघ! आता दवाखान्याच्या प्रोग्रामात पेशंटनं नावाच्या जागी हुकूमच लिहिला — सगळं केसपेपर पुसून टाक म्हनून — आनि यंत्रानं तो मानला, तर? बघा, मान हलवली तुमी. पास झाले म्हनायचं मी.

आता तुमचं सांगू? रागावू नका, चहा घेत घेत ऐका. दवाखान्याच्या प्रोग्रामातला धुवायचा तुकडा, तुमचं ते फंक्शन, तुमी लिहिलं, आनि तुमीच त्याचं नाव तपासनाऱ्या प्रोग्रामाच्या 'इथं सगळं साफ हुतं' अशा यादीत घातलं. कुनी तपासलं? कुनीच न्हाई! साहेबांचं फंक्शन, कोन तपासनार? सुकीनं उघडून बघितलं, तर ते टाईप केलेल्याच्या मागचीपुढची रिकामी जागा तेवढी कापतंय. आवो, ती गाळनी झाली! गाळनीनं काडी निघंल, माशी निघंल — नासकं दूध चांगलं हुतंय व्हय? तिनं यादीतलं नाव काढलं, लाल रेघा उठल्या, आनि तुमी चारचौघांत म्हनलात, "माझंच फंक्शन हाय, मी सांगतो ना," आनि नाव परत घातलं. तिथंच तिनं राजीनामा लिहिला. उद्या मंजूर हुनार म्हनं. तिला ऱ्हायचंय हो तिथं, लई जीव हाय तिचा त्या कामावर. परवा रडली. हे मी सांगितलं म्हनू नका.

तर नुसती माफी मागून भागनार न्हाई. चुकलं-बिकलं नको. सरळ म्हना, कॅन माझा हुता आनि मी तो तपासल्याबगर वतला. बास. जड जातंय ना? जानारच. मला ठाऊक हाय. कारन... घ्या, पेढा घ्या, तुमचाच हाय. रंभाजी म्हनून माझं दीर. त्यांचं दूध म्हंजी घरचं दूध. बाकी सगळ्यांचं मी चमचाभर उकळून बघायची, फाटतंय का ते. घरचं काय बघायचं? एका उन्हाळ्यात घाईत नुसतं फडक्यातनं गाळलं आनि दिलं वतून. दुपारी सगळी टाकी नासली. गावादेखत ओढ्यात सोडली. सगळे विचाराय लागले, कुनाचा कॅन? मी म्हनले, मी तर सगळं उकळून बघितलं हुतं. मग चांगुनाचं नाव निघालं, तिचा कॅन शेवटी आल्ता म्हनून. एकटी बाई, तिच्या बाजूनं कोन बोलनार? तिचं दूध बंद केलं. दोन म्हैन्यांत तिनं गाय विकली. आनि मी बघत ऱ्हायले हो, तोंड उघडलं न्हाई.

सुकी दहा वर्सांची हुती. रातच्याला कुशीत येऊन म्हनली, "आई, काकांचं उकळून बघितलं हुतंस?" मी म्हनले, "व्हय." झोपली लगेच. एवढी साऱ्या जगाचं तपासती पोरगी, पर माझा शब्द तिनं कधी उकळून बघितला न्हाई. आजवर हे मी कुनालाच... तुमी असं दाराकडं काय बघताय?

...सुके. कधी आलीस गं? पिशवी ठेव ना खाली.

न्हाई पार्थ, तुमी बोलू नका. उठा, कप घेऊन बाहेर पायरीवर बसा जरा. तुमचं नंतर. आधी माझा कॅन हाय.