चारीच्या टोकाचा गहू

ऐका! आन आधी त्या दाराला कडी घाला, वारं आत येतंय.

केरूनाना थोरव्याची गोष्ट हाय ही. माझा जोडीदार. वीस वर्सं सरपंच व्हता, पन हातातलं खोरं कधी सुटलं न्हाई. चारीतनं पाटाचं पानी यायचं, तवा त्याचा एकच कायदा. टोकाच्या रानाला पहिलं, सरपंचाच्या रानाला शेवटी. त्याचं रान पाटाला खेटून, तरी शेवटी! असा मानूस आता दिवा घेऊन हुडका.

तर एकदा रातच्याला जेवून हात धुतोय, तेवढ्यात निरोप आला. चारीचं वरचं दार कुनीतरी बंद केलंय, टोकाच्या अनसाबाईला पानीच पोचलं न्हाई. बाई एकटी, गहू ओंबीवर आलेला, आन दिवस उगवायला पाट बंद व्हनार. बायकू म्हनली, "अवसंची रात हाय, मुरमाच्या वाटंला चकवा धरतो. सकाळी जावा."

नाना म्हनला, "सकाळी जाऊन गहू भिजल का?" घेतली बॅटरी, निघाला.

बरं का, अर्ध्या वाटंला बाभूळ लागली. फुडं गेला, परत तीच बाभूळ! तिसऱ्यांदा तीच! बॅटरी इझली.

मग हाका सुरू झाल्या. "नाना, दाखल्यावर सही ऱ्हायली!" नाना थांबला. थांबनारच की! रातच्याला तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ नये, हे साऱ्या गावाला ठावं. पन हा पहिल्या हाकेला ओ देनारा. तिथंच फसला. "नाना, शाळंचं पत्रं उडालं!" वळला तिकडं. वाट कुठं ऱ्हायली, काय पत्ता न्हाई.

आन मग समोर पाटाचं दार! अवसंच्या अंधारात पानी चमकतंय! दारापाशी पानी सोडनारा पाटकरी हुबा, वळखीचा, हसतोय. म्हनतो कसा, "या सरपंच, या. पहिलं पानी तुमच्याच रानाला सोडतो. अनसाबाईचं बघू मागनं."

नाना जागीच थबकला. आरं, नानाम्होरं हे बोलायची साऱ्या गावात कुनाची छाती नव्हती. पाटकऱ्याची तर न्हाईच न्हाई! पायानं चाचपलं, तर फुडं जमीनच न्हाई. बिनकठड्याची हीर! एक पाऊल, आन संपलं व्हतं.

मागं सरला, मटकन खाली बसला, तर हाताला चारीचा दगूड लागला. ही चारी त्यानं गावाला संगं घेऊन खांदलेली. वाटंला चकवा फिरवील, चारीला कसा फिरवनार? वहाना काढल्या, कोरड्या चारीत उतरला, दगडं चाचपत निघाला. मागनं हाका, शिव्या, रडनं! अनसाबाईच्या आवाजातसुदिक हाक आली. त्याचा जीव तुटला, पन थांबला न्हाई. तिचंच काम चाललं व्हतं की!

तांबडं फुटायच्या आत दार उघडलं. पाट बंद व्हईस्तोवर अनसाबाईचा गहू भिजला. नानाचं रान त्या पाळीला कोरडं ऱ्हायलं. कोरडंच!

तवा मुरमाच्या वाटंला रातचं कुनी जायाचं न्हाई. आन तू रं दिगंबर, यंदा सरपंचकीला हुबा ऱ्हातोयस न्हवं? तू तर मुळीच जाऊ नगंस. चकव्यानं पहिल्या पान्याचं नाव काढलं, की तू थेट हिरीत जाशील.