एकतीस इंच

जयवंत – किती म्हणालीस?

मालन – एकतीस.

जयवंत – नीट मापलंस? पोटावरून?

मालन – ब्लाउज शिवण्यात आयुष्य गेलं माझं. कलिंगडाचा घेर घेता येणार नाही होय?

(डिलाईल रोडवरची चाळ, दुसऱ्या मजल्यावरची खोली. जयवंत खाटेवर, निकामी डावा हात उशीवर. त्याची बायको मालन गच्चीवरून बादली घेऊन नुकतीच उतरली आहे.)

जयवंत – दहा दिवसांपूर्वी अठ्ठावीस होतं.

मालन – मग वाढलं. तुमचाच हट्ट ना, वेलावर एकच ठेव, बाकीची खुडून टाक, म्हणजे मोठं होतं?

जयवंत – देठाजवळची कुरळी तार सुकली, असंही तेव्हाच म्हणालीस. तार सुकली की फळ पिकतं गो, फुगत नाही. तीन इंच कुठनं आले?

मालन – चहा टाकू?

जयवंत – रविवारी दर्शना येतेय शीववरून. बापाला धरून गच्चीवर नेणार म्हणते. झटका आल्यापासून जिन्यात झिजतोय मी, कशासाठी? ते माझ्या हातानं कापायला. उजवा चालतो अजून.

मालन – ठाऊक आहे.

जयवंत – मग आत्ताच सांग. आहे का ते?

मालन – नाही.

जयवंत – कुणी नेलं?

मालन – कोण नेतंय. फुटलं. सात दिवस झाले.

जयवंत – असं कसं फुटलं?

मालन – दोन दिवस पाणीच घातलं नव्हतं मी. पाय उचलेना. तुमचं अंग पुसायचं, गोळ्या, शिवण, वर ती बादली दोन मजले. तिसऱ्या दिवशी दया आली, तीन बादल्या ओतल्या. संध्याकाळी बघते तर फळाला आधार म्हणून बांधलेल्या तुमच्या लुंगीच्या झोळीत उभं चिरलेलं.

जयवंत – तहानलेल्या वेलाला एकदम एवढं पाणी देतात?

मालन – मला काय ठाऊक. मी पोरं वाढवली. ती उपाशी राहिली की दुप्पट जेवायची.

जयवंत – मग रोज सकाळी बादली घेऊन जातेस कुठं?

मालन – वरच.

जयवंत – काय करायला?

मालन – बसायला. टाकीच्या सावलीत. अर्धा तास कुणी हाक मारत नाही.

जयवंत – मला सांगायचंस तरी.

मालन – सांगितलं असतं तर जिना सोडला असता तुम्ही. परवा वीस पायऱ्या झाल्या, मध्ये न थांबता. इंच उगाच नाही वाढवले मी. आता रागवा हवं तर, पण सोडू नका.

जयवंत – दर्शनाला सांग, रविवारी लवकर ये म्हणावं. ऊन चढायच्या आत.

मालन – कशाला? वर काही नाही आता.

जयवंत – त्या सावलीत दोघं मावतात?

मालन – मावतील. पण बोलायचं नाही तिथं.