लिंबाच्या साली आणि मातीतल्या माश्या

मी, सत्यशीला यादवराव रामटेके, वय ४७ वर्षे, व्यवसाय अंगणवाडी मदतनीस, राहणार मौजा जांभूळटोला, तालुका पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर. आज रोजी पोलीस स्टेशनला स्वतः येऊन, विचारल्यावरून, जे घडले ते समक्ष सांगते ते येणेप्रमाणे.

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. पती हयात नाहीत. मुलगी रश्मी ब्रह्मपुरीला बी.एस्सी. शिकते व तिथेच खोली करून राहते. अंगणवाडीचे छत उतरविले असल्याने दिवाळीपासून गावातील लहान मुले माझ्या अंगणात बसत होती व त्यांची खिचडी माझ्या चुलीवर होते. माझ्या घराला लागून चंचलबाई चौधरी यांचे घर आहे. मध्ये कमरेइतकी मातीची भिंत आहे. चंचलबाईंसोबत मुलगा निकेश, सून व चार वर्षांची नात दिव्यानी राहतात. निकेशचा काका मुखरू हा त्यांच्या पलीकडच्या घरात राहतो. आमचा शेजार माझ्या लग्नापासूनचा आहे. आमच्यात कधी वाद झालेला नाही.

मोहफुले पडायला लागली त्या सुमारास माझ्या अंगणात, गोठ्यासमोरच्या उघड्या जागेत, मातीला बारीक बारीक भोके पडलेली दिसली. भोकाच्या तोंडाशी भुरभुरीत मातीचा ढीग व आतबाहेर करणाऱ्या माश्या. मधमाशीसारख्याच, पण पोळे नाही. मुले भोकांत काड्या घालू लागली. एखाद्याला चावली तर मी काय उत्तर देऊ, म्हणून मला काळजी वाटली.

माश्या मारून का टाकल्या नाहीत, असे विचारल्यावरून सांगते की, गावात अशा भोकांत फवारणीचे औषध ओततात. मी ओतले नाही. मुले त्याच मातीत बसतात, हे एक. दुसरे असे की आम्ही बौद्ध आहोत. सकाळी मुले येण्याआधी मी पंचशील म्हणते. जीव मारणार नाही असे तोंडाने म्हणायचे आणि लगेच भोकात औषध ओतायचे, हे मला जमले नाही.

मी मोबाईलवर फोटो काढून रश्मीला पाठविला. तिने सांगितले की या माश्या अंगावर येत नाहीत, एका भोकात एकच राहते, काही आठवड्यांनी आपोआप जातात. त्यांना कोरडी, उघडी माती लागते. ती ओली ठेव, झाकून ठेव, म्हणजे त्या दुसरी जागा शोधतील. लिंबाचा वासही त्यांना नको असतो असे तिने कुठेतरी वाचले होते. त्याप्रमाणे मी शेणाचा सडा टाकू लागले. त्यावर भाताची तणस अंथरली, कडुनिंबाचा पाला टाकला. बादलीत लिंबाच्या साली भिजवून ते पाणी भोकांच्या कडेने शिंपडले. राहिलेल्या भोकांवर मुलांनी पाय देऊ नये म्हणून भोवती राखेचे गोल काढले. हे मी उन्हे उतरल्यावर, माश्या उडायच्या थांबल्या की करीत असे. त्या वेळी रश्मीचा फोन येई. दोन्ही हात कामात असल्याने फोन पदराखाली कानाशी दाबून मी बोलत असे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मी एकटीच पुटपुटते असे दिसले असेल. हे मला आता, लोक बोलले तेव्हा, समजले.

लिंबाच्या साली कोठून आणल्या, असे विचारल्यावरून सांगते की, माझ्याकडे लिंबाचे झाड नाही. चंचलबाईंच्या अंगणात आहे. मी त्यांना माश्यांचे सांगितले तेव्हा त्या हसल्या व म्हणाल्या की साली मी फेकूनच देते, तुझ्या कामी येतील तर ने. त्यानंतर त्या स्वतः ताटलीत साली घालून भिंतीवरून देत होत्या. मी राखेचे गोल काढत असताना एकदा त्या भिंतीशी उभ्या राहून पाहत होत्या. एक गोल वाकडा झाला असे त्यांनीच मला सांगितले.

माझ्या अंगणातल्या माश्या कमी झाल्या. मला बरे वाटले. मग एके दिवशी चंचलबाई म्हणाल्या, "सत्यशीला, तुह्या माश्या आमच्या इकडं आल्या ना." पाहिले तर त्यांच्या लिंबाखाली तशीच भोके होती. तिकडची माती कोरडी होती. मी म्हटले की तुम्हीही सडा टाका, मी येते मदतीला. त्या बरे म्हणाल्या. परंतु दुसऱ्या दिवशी दिव्यानीला ताप आला आणि ते राहून गेले. मी माश्या त्यांच्याकडे पाठविल्या नाहीत. पण त्या माझ्यामुळेच तिकडे गेल्या, हे खरे आहे. हे दोन्ही कसे सांगायचे ते मला कळत नाही, म्हणून दोन्ही सांगते.

दिव्यानी माझ्याच अंगणात बसणारी मुलगी आहे. ताप आल्यावर मी तिला पाहायला गेले होते. ती गुंगीत होती. आशाताईंकडून गोळ्या आणल्या होत्या, पण ताप उतरत नव्हता. तिला दवाखान्यात न्या, असे मी निकेशला म्हटले. त्या दिवशी तिला नेले नाही. नंतर समजले की तापात ती "बाईच्या माश्या, बाईच्या माश्या" असे बडबडत होती. मुले मला बाई म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांची खिचडी शिजत असताना निकेश व मुखरू माझ्या अंगणात आले. त्यांच्या मागे गावातील आणखी लोक रस्त्यावर उभे होते. मुखरूने मुलांना घरी जायला सांगितले. मुले उठली नाहीत तेव्हा त्याने चुलीवरचे भांडे पायाने उलटविले. निकेशने तणस उचकून खालच्या साली, पाला व राखेचे गोल लोकांना दाखविले.

तो मला म्हणाला, "माह्या पोरीवर काय केलं तुनं?"

मी काही केले नाही असे सांगितले. हा माश्यांचा उपाय आहे, रश्मीने सांगितला आहे, पाहिजे तर तिला फोन लावते, असेही सांगितले. मुखरू म्हणाला की ही म्हणते तिकडे माश्या जातात, हे साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यावर लोक बोलू लागले. कोण काय बोलले ते मला वेगवेगळे सांगता येणार नाही.

मी निकेशला म्हटले, "तुह्या मायले विचार. साली तिनंच देल्ल्या मले."

चंचलबाई भिंतीपलीकडे उभ्या होत्या. निकेशने तिथूनच त्यांना विचारले. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग खाली पाहिले आणि म्हणाल्या, "मले मालूम नाई."

त्यानंतर मुखरूने माझे केस धरून मला खाली बसविले. निकेशने दोन्ही हात मागे पिरगाळले, त्यात डाव्या हाताच्या बांगड्या फुटून मनगटाला जखम झाली. करणी मागे घे, असे ते म्हणत होते. मागे कशी घ्यायची ते मला माहीत नव्हते. मी त्यांना तसे विचारलेही. तेव्हा मुखरूने सालींची बादली माझ्या तोंडाला लावली व म्हणाला, "तुह्यंच पानी हाये, पेऊन दाखव." मला ते प्यायला लावले. मी उलटी केली. पुन्हा प्यायला लावले.

त्या वेळी तुम्हाला काय वाटले, असे विचारल्यावरून सांगते की, भीती वाटली. आणि पाणी पिताना एकदा असे वाटले की माझ्याकडून खरेच काहीतरी झाले असेल. हे लिहायचे की नाही ते आपण ठरवावे.

कोणीतरी पोलीस पाटील दादाजी भोयर यांना बोलावले. त्यांनी येऊन मला सोडविले व मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेले. दिव्यानीलाही त्यांनीच जीप करून चंद्रपूरला पाठविले. तिला मलेरिया निघाला, आता ताप उतरला आहे व ती पेज पिते, असे दादाजींनी मला सांगितले. मनगटाला टाके घालणाऱ्या डॉक्टरांना मी विचारले की लिंबाच्या व कडुनिंबाच्या वासाने लहान मुलाला ताप येतो का. ते नाही म्हणाले. पट्टी बांधून झाल्यावर मी पुन्हा विचारले. ते पुन्हा नाही म्हणाले.

तेव्हापासून एकही मूल माझ्या अंगणात येत नाही. पर्यवेक्षिका मॅडमनी मुलांना तूर्त समाजमंदिरात बसविण्यास सांगितले आहे. मी खिचडी तिथे नेऊन देते. काही घरची मुले ती खात नाहीत, डबा आणतात.

निकेश चौधरी व मुखरू चौधरी यांनी मला मारहाण केली, जबरदस्तीने पाणी पाजले व करणी करणारी म्हणून लोकांसमोर बदनाम केले. त्यांच्याविरुद्ध माझी कायदेशीर तक्रार आहे.

चंचलबाई चौधरी यांच्याविरुद्ध तक्रार आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, त्यांनी मला हात लावला नाही. त्या खोटे बोलल्या. पण तेव्हा त्यांची नात आत तापाने पडलेली होती. त्यांना माझी भीती वाटली, की लोकांची, की आपल्या मुलाची, हे मला समजले नाही. मी त्याबद्दल पुष्कळ विचार केला आहे.

आज सकाळी मी स्टँडवर आले तेव्हा चंचलबाई आधीच जीपमध्ये बसलेल्या होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली. माझ्या हाताला पट्टी असल्याने पोंभुर्ण्याला उतरताना माझी पिशवी त्यांनी घेतली. आता त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत व पिशवी त्यांच्या मांडीवर आहे. त्या माझ्या बाजूने सांगायला आल्या आहेत की मुलाच्या, हे मला माहीत नाही. मी त्यांना विचारलेले नाही. आपणच त्यांना आत बोलवावे व विचारावे. त्या जे सांगतील ते मला ऐकायचे आहे.

वरील मजकूर लिहून घेणाऱ्या ताईंनी मला सावकाश वाचून दाखविला. मी सांगितले तसेच त्यात आहे, माझ्या तोंडी नसलेले काही घातलेले नाही. उजव्या हाताने सही करीत आहे.

सत्यशीला यादवराव रामटेके