शर्ट

रत्नागिरीच्या स्टँडासमोर औषधांच्या दुकानात रांग होती. शाळेतून निवृत्त झालेल्या निर्मलाबाईंच्या पुढेच एक आजी आणि तिची कॉलेजातली नात उभ्या होत्या.

"आजी, हे मोबाइलवर बघ. पॅरिसमधल्या साठीच्या बायका. पुरुषी सैल शर्ट, बाह्या दुमडलेल्या, गळ्यात रुमाल, केस पिकलेले तसेच. ह्याला फ्रेंच स्टाइल म्हणतात!"

"अगो, हा तर माझा काजू वेचायला जातानाचा अवतार!"

"तेच तर सांगत्येय."

"आणि तुझा बापूस म्हणतो, आये, लुगड्यावर बाबांचा शर्ट चढवून बाजारात येऊ नको, चार माणसांत माझी लाज काढतेस. म्हणून तर आत्ता स्टँडावर उतरवून पिशवीत कोंबला."

"बाबांना हा फोटो पाठवू?"

"थांब. पिशवी दे इकडे. शर्ट घालते, मग माझा काढ. आणि खाली लिही, बावीस वर्षं घालते म्हणावं. पॅरिसला आत्ता जाग आली!"

नातीने औषधं घेतली आणि शर्टाच्या बाह्या दुमडत आजी ऐटीत दुकानाची पायरी उतरली.

"बोला बाई," दुकानदार म्हणाला, "नेहमीचा काळा रंग ना केसांचा?"

पांढऱ्या बटेवर दाबून बसवलेली पिन निर्मलाबाईंनी काढली.

"नको. नुसतं खोबरेल द्या."