साडेचार, बाबा बोलले

(शिंप्याचं दुकान, शटर अर्धं ओढलेलं. दोघी बहिणी. वडिलांना जाऊन सहा दिवस झालेत.)

धाकटी: ते जाऊ दे. बाबा काय म्हणाले, ते सांग.

ताई: नर्सच्या पेनाला निळं टोपण होतं, चावलेलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा संत्रं सोलत होता.

धाकटी: मी पेनाचं विचारलं का तुला?

ताई: जे आहे तेच सांगतेय. ती कात्री दे इकडे.

धाकटी: शेवटचा तासभर तूच होतीस जवळ. नर्स म्हणाली, शुद्धीवर होते, बोलत होते. माझ्याबद्दल बोलले की नाही?

ताई: बोलले. बराच वेळ. माझं मनगट धरून ठेवलं होतं. "तिला सांग," म्हणाले.

धाकटी: काय सांग?

ताई: तेच नाही आठवत.

धाकटी: बाप मरताना बोलला, ते आठवत नाही. म्हाताऱ्याचं संत्रं आठवतं.

ताई: फिट्स थांबाव्यात म्हणून ऑपरेशन केलं माझं, तेव्हा फोनवर सांगितलं होतं तुला. तू "हं, हं" करत होतीस. डोक्यात मन हलतं ती जागा वेगळी, आठवण साठते ती वेगळी. मधे जोडणी असते. मन हललं की पहिली दुसरीला सांगते, हे नीट जपून ठेव. ऑपरेशनमध्ये माझी ती जोडणी फिट्सबरोबरच गेली. आता संत्रं काय नि बाप काय, सगळं एकाच भावानं जातं. राहिलं तर राहिलं.

धाकटी: पण तेव्हा रडलीस ना?

ताई: रडले असेन. पिशवीत रुमाल ओला सापडला.

धाकटी: आणि वही? डॉक्टरांनी सगळं लिहून ठेवायला सांगितलंय ना तुला?

ताई: ही घे. वाच.

धाकटी: "सकाळी आठ, पांढरी गोळी. दहा, रक्त तपासायला नेलं. पांघरूण बदलून मागायचं. साडेचार, बाबा बोलले." पुढे कोरं आहे.

ताई: हो.

धाकटी: बोलले, एवढंच?

ताई: वाटलं असेल, हे काय लिहायचं. असलं कुणी विसरतं का? माणसं गोळ्या विसरतात. मोठं काही विसरायचं नाही, ही चाळीस वर्षांची सवय आहे गं, ऑपरेशननंतरच्या एका वर्षात नाही जात.

धाकटी: तू मुद्दाम करतेयस. मी सात वर्षं फिरकले नाही, तुला एकटीला निस्तरावं लागलं, त्याचा सूड घेतेयस.

ताई: राग आहेच माझा तुझ्यावर. त्यांनी शिव्या दिल्या असत्या आणि मला आठवल्या असत्या, तर तू दारात असतानाच सांगितल्या असत्या.

धाकटी: चेहरा तरी कसा होता? माफ केल्यासारखा?

ताई: दाढी वाढलेली. ओठाला गोळीचा चुरा लागला होता.

धाकटी: मी शेवटचं काय बोलले होते त्यांना, ते तरी आठवतं का तुला?

ताई: ते लख्ख आठवतं. ऑपरेशनच्या आधीचं आहे ना. या मशीनपाशी उभी राहून म्हणालीस, "माझ्यापुरते तुम्ही मेलात." बाबांची शिवण वाकडी गेली. तुझाच ड्रेस होता हातात. तू गेल्यावर उसवून पुन्हा शिवला त्यांनी. फडताळात आहे, हवा तर ने.

धाकटी: मग खोटं सांग. माफ केलं म्हण. तुझं काय जातंय?

ताई: माफ केलं.

धाकटी: असं नाही.

ताई: मग कसं?

धाकटी: त्या ऑपरेशनच्या टेबलावरच मेली असतीस तर बरं झालं असतं. निदान दुसरं कुणी बसलं असतं त्यांच्या उशाशी.

ताई: बरं.

धाकटी: ताई, निघून गेलं तोंडातून. मला तसं नव्हतं म्हणायचं. काय लिहितेयस?

ताई: तू आत्ता म्हणालीस ते.

धाकटी: नको ना. उद्यापर्यंत विसरशील, जाऊ दे.

ताई: म्हणूनच. एकदा चुकले ना मी. किती वाजले बघ जरा, वेळही लिहावी लागते.