दोघांनाही प्रत

हॅलो?... व्हय, दीपमालाच बोलतीया. कोण?... समुपदेशन केंद्रातनं? आवं मॅडम, चार महिने मीच फोन करत हुते तुमाला. कुनी उचलंना.

सेवा कशी वाटली?... कुनाची, तुमची?... पाचपैकी मार्क द्यायचं. बरं, इचारा.

पाडव्याच्या नंतर आले हुते. मनगट मोडलं हुतं तवा... न्हाई, न्हाई, पडून न्हाई. तसं लिवलंय तुमी? नवऱ्यानं वरवंटा फेकून मारला म्हनून सांगितलं हुतं मी... ऱ्हाऊ द्या. पुढचं इचारा.

समाधान?... आवं, दोन तासांत मिटवलासा तुमी. नवऱ्याला बोलवलासा, सासूला बोलवलासा, चहा पाजलासा. एका बाईंनी माझी ओटी भरली, 'नांदा आता नीट' म्हनल्या. प्लास्टरच्या हातात नारळ धरवंना, तर सासूनं खालनं हात लावला. मग फोटो. हसा म्हनलासा... व्हय, तोच. भिंतीवर लावलाय? लावा की.

त्याच नारळाचं खोबरं एका हातानं किसत हुते, तवा परत मारलं त्यांनी. आठ दिस बी झालं न्हवतं. लेकीला घेतलं आन् निघाले... न्हाई, रडत न्हाई मी. सांगतीया.

ऐका की. मला वकील पायजे. लेकीचा शाळेचा दाखला पायजे, त्यो नवरा देईना... निकाली काढली म्हंजे? मिटलं म्हनून मी कवा म्हनलं?... सही माझीच हाय. डाव्या हातानं केलीया, बघा किती वाकडी हाय.

अर्ज? व्हय, गेल्या आठवड्यात मीच पोष्टानं धाडलाय, हितनं, कोयनानगरातनं, मावशीच्या घरनं... मिळाला? परत उघडली तक्रार? लय बरं झालं वो. तारीख कवाची?... पत्र निघालंय? मला न्हाई आलं अजून.

दोघांनाबी?... त्यांनाबी?... माझ्या अर्जाची प्रत. पत्त्यासकट?

आवं मॅडम, वर लाल पेनानं लिवलं हुतं मी, पत्ता कुनाला देऊ नका म्हनून... तेबी तसंच गेलं. झेरॉक्समधनं.

न्हाई, तुमाला न्हाई बोलत. नियमच हाय म्हनल्यावर तुमी तरी काय करनार... कवा टाकलंय?... सोमवारी. आज गुरुवार. पाटणात टपाल सकाळीच वाटत्यात. त्यांना मिळालं असंल.

तिथनं कोयनानगर किती लांब, तुमालाबी ठावं हाय.

कुठं जानार म्हंजे? तेच इचारायला फोन करत हुते की मी, चार महिने... जागा बघून कळवता. बरं. कवा?... सोमवारी. साहेब रजेवर हायत. बरं.

काय?... हां, मार्क ऱ्हायलं. पाच लिवा... लिवा वो, पाचच लिवा. मला तुमी चार महिने सापडला न्हाईसा. त्यांना मातूर मला तीन दिसात सापडवून दिलासा.

ठेवते. लेक दुकानात गेलीया, आधी तिला आणते.